चहाडखोर तेल

कोल्हापुरात दूध मापून झालं की वर एक धार सोडावी लागते. मापातलं दूध गिऱ्हाइकाचं आणि वरची धार घालणाऱ्याच्या इभ्रतीची. आमचे अप्पा रोज सकाळी दूधकट्ट्यावर, म्हशी समोरच पिळून दूध विकतात तिथं, उभं राहून धारोष्ण दूध पितात आणि रोज गवळ्याला म्हणतात, "फेस काय दाखवतोस? बसू दे की तो, मग भर ग्लास." गवळी हसतो, फेस बसायची वाट बघतो आणि वर धार सोडतो. हे मी लहानपणापासून बघत आले. पुढे तेलाच्या शास्त्रात डॉक्टरेट केली, तरी त्या ग्लासातलं शास्त्र मला कळायला चौतीस वर्षं लागली, हे आधीच कबूल करून टाकते.

अप्पा म्हणजे आण्णाप्पा बाळगोंडा मगदूम. उद्यमनगरात पन्नास वर्षं त्यांनी गिअरबॉक्स उघडले आणि मिटले. एकदा त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नाही, असं अख्खं उद्यमनगर सांगतं. अप्पा स्वतः तर सांगतातच. मी सुप्रभा, त्यांची एकुलती एक मुलगी. त्यांच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे. खाली पाना, वर सूक्ष्मदर्शक, आणि मधल्या जिन्यावर आमची भांडणं.

मी काय बनवलं ते थोडक्यात सांगते. ऑटोमॅटिक गाडीत पायाखाली क्लच नसतो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेलात बुडालेले दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन पहिला पंखा फिरवतं, त्यानं फेकलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरा चाकांना. हमरस्त्यावर दोघं जवळजवळ सारख्या वेगानं फिरतात. पण खडकाळ चढावर चाकं इंचाइंचानं सरकतात आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. मधला सगळा जोर तेल घुसळण्यात जातो आणि तेल तापतं. नव्वद अंशांना ते सुखात असतं. एकशेवीसच्या पुढं त्याचं आयुष्य भराभर घटतं, आणि दीडशेला ते करपायला लागतं. करपलेलं तेल मग गिअरबॉक्सलाच खातं.

पूर्वी हा ताप मोजायला तळाच्या टाकीत एकच मोजणी-यंत्र असायचं. आग लागायची माडीवर आणि बातमी यायची तळघरातून. मी तेलातच हळदीहून बारीक असे, चिनी मातीसारखे भाजलेले पण चुंबकी, लाखो कण सोडले. तापमान बदललं की त्यांचं चुंबकत्व बदलतं. गिअरबॉक्समध्ये सहा ठिकाणी तारेची वेटोळी बसवली. प्रत्येक कण त्यातून जाताना आपला ताप सांगून जातो. शिवाय दर डब्यातल्या कणांची खूण वेगळी, आणि डबा उघडायला मेकॅनिकच्या अंगठ्याचा ठसा लागतो. म्हणजे कुठल्या गाडीत कोणी, कधी, किती तेल घातलं हेही तेलच सांगतं.

मी हौसेनं त्याचं नाव 'साक्षी' ठेवलं. उद्यमनगरानं आठ दिवसांत त्याचं 'चहाडखोर तेल' करून टाकलं.

गरज खरी होती. २०४१ सालच्या गाड्या फार लाडावलेल्या आहेत. तेल दीडशेला पोचलं की गाडी स्वतःला कुलूप लावते आणि चाळीस मिनिटं जागची हलत नाही. आत कोण बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. माझ्या तेलाला खरी तप्त जागा माहीत असल्यानं ते कुलूप शहाणपणानं पुढं ढकलता येत होतं. वनखात्याच्या तीन वणवा-गाड्यांत चाचणी सुरू झाली. चाचणीत ते कुलूप दुरूनच, उपग्रहावरून, माझ्या हातात होतं. जमलं तर राज्यातल्या साऱ्या आपत्कालीन गाड्यांत हे तेल जाणार होतं.

तिन्ही गाड्यांत तेल भरलं अप्पांनी. आणि तिन्ही वेळा तेलानं माझ्या पडद्यावर चहाडी केली: "नऊ लिटरच्या जागी साडेनऊ. भरणाऱ्याची चूक. आ. बा. मगदूम."

पहिल्यांदा मी जिन्यावरून ओरडले, "अप्पा, अर्धा लिटर जास्त पडलंय."

"जास्त न्हाई, वरचं हाय ते," अप्पा हात पुसत म्हणाले. "काटेकोर मोजून घालायला मी काय औषधाच्या दुकानात बसलोय?"

मी हसले. सपाट रस्त्यावरच्या चाचण्या उत्तम निघाल्या. पण तेलाला मान्यता देणाऱ्या परीक्षण मंडळाची भेट जवळ आली आणि पडद्यावरची ती ओळ मला बघवेना. पन्नास वर्षांत ज्यांच्या कामाला कुणी बोट लावलं नाही, त्यांच्या नावापुढं 'चूक' हा शब्द, तोही मी बनवलेल्या तेलानं लिहिलेला. मी प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक ओळ घातली: अर्ध्या लिटरपर्यंतचं जास्तीचं तेल दुर्लक्षित करावं. चहाडखोराचं तोंड मीच बांधलं. कुणाला सांगितलं नाही.

मार्चच्या सतरा तारखेला मंडळाच्या डॉक्टर चांदेकर पुण्याहून आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. गॅरेजमधल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कागद नंतर बघते. आधी गाडी दाखवा."

गाडी दाखवायची वेळ मात्र आमच्या हातात राहिली नाही. दुपारी दीड वाजता पाटसड्याच्या खालच्या जंगलात वणवा पेटला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. त्याच्या पोटाशी सात घरांचा धनगरवाडा. खालची वाट आगीनं बंद केली होती, आता फक्त वर सड्यावर चढून पलीकडं उतरायचं उरलं होतं. वनरक्षक यास्मिन मुजावर आमच्या तीन गाड्यांपैकीच एक घेऊन तिथं पोचली होती. उपग्रहाच्या फोनवरून तिचा आवाज गॅरेजभर घुमला.

"सुप्रभाताई, मी पोचलो. नऊ माणसं हाईत. आठ बसली. ठकूबाई चरवी घेतल्याबिगर चढत न्हाई म्हणतीया."

चांदेकर बाईंनी मला हळूच विचारलं, "चालक पुरुष आहे का?"

"नाही हो. आमच्याकडं बायकाही 'मी पोचलो'च म्हणतात."

"बसली बघा ठकूबाई, चरवीसकट," यास्मिन म्हणाली. "निघालो मी."

चढ दोन किलोमीटरचा, मोठमोठ्या दगडांचा. यास्मिननं गाडी आधीच सगळ्यात जोरकस गिअरात टाकली होती, काही चुकत नव्हतं. माझ्या हिशोबानं तेल एकशेवीसला टेकून तिथंच थांबायला हवं होतं. ते एकशेसव्वीसला गेलं, मग एकशेचौतीसला. मी आकडे पुन्हा तपासले. सहा वेटोळ्यांपैकी दोनांतून कणांच्या बातम्या तुटक यायला लागल्या होत्या. मध्येच हजारो कण गप्प, मध्येच एकदम गलका. असं मी कधी बघितलं नव्हतं.

"काय होतंय?" चांदेकर बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. हे दोन शब्द त्या दिवशी मला फार जड गेले.

"ताई, एकशेएकोणचाळीस दाखवतंय," यास्मिनचा आवाज चढला. "आग मागं दिसायला लागली. इंजिन बंद करून थंड करू का जरा?"

"न्हाई!" अप्पा ओरडले. ते मघापासून कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. "बंद करू नको पोरी. इंजिन बंद तर पंप बंद. तेल हाय तितं करपंल. सुपे, त्या फोनचा आवाज वाढव."

मी वाढवला. इंजिनाची घरघर, दगडांचा खडखडाट, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक, ओली कुईकुई. मला ती ऐकूही आली नसती. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"फेस," ते म्हणाले. "ग्लासात फेस धरलाय, सुपे."

आणि मला सगळं एका झटक्यात कळलं. तेल तापलं की फुगतं. साडेनऊ लिटर तेल सपाटीवर गार असताना फिरत्या चाकांच्या खालीच राहतं. उभ्या चढावर, एकशेतीसच्या पुढं, फुगलेलं तेल चाकांना टेकतं, चाकं त्याला रवीसारखी घुसळतात आणि फेस होतो. फेस म्हणजे निम्मी हवा. हवा उष्णता वाहून नेत नाही. म्हणून तेल आणखी तापतं, आणखी फुगतं, आणखी फेसाळतं. माझे कण बुडबुड्यांना चिकटून बसले होते, म्हणूनच गप्प होते.

अप्पा उठून उभे राहिले. पडद्याकडं नाही, चांदेकर बाईंकडं तोंड करून.

"मॅडम, त्या गाडीत तेल मी भरलं. अर्धा लिटर वरनं घातलंय. माझ्या हातनं झालं हे."

आजवर त्यांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज कापला नाही. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, चूक अप्पांच्या नावावर गेली असती आणि तेल निर्दोष सुटलं असतं. मी प्रोग्रॅममधली ती ओळ शोधली आणि पुसून टाकली. त्याच क्षणी पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नऊ लिटरच्या जागी साडेनऊ. भरणाऱ्याची चूक.

"तेलानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी त्याचं तोंड बंद केलं. अप्पांचं नाव यायला नको म्हणून."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं. चांदेकर बाईंनी पडद्याकडं बोट केलं. एकशेत्रेचाळीस.

"भांडण मागनं," अप्पा म्हणाले. "पोरी यास्मिन, हितनं सपाट कातळ किती लांब?"

"चारशे मीटर असंल."

"एसी बंद कर. हीटर लाव. फुल्ल."

"अप्पा, येड लागलंय काय? माणसं भाजाय लागल्यात हितं!"

"लाव म्हणतो न्हवं! गिअरबॉक्सचा ताप रेडिएटरात जातोय, रेडिएटरचा ताप काढायला हीटर हा दुसरा दरवाजा हाय. काचा खाली घे. आणि पाय एकसारखा ठेव, दाब-सोड करू नको."

चारशे मीटरला सहा मिनिटं लागली. एकशेशेहेचाळीस. एकशेअठ्ठेचाळीस. शेवटच्या वळणाला अजून शंभर मीटर होते आणि दीडशेला गाडी कुलूप लावणार होती. आकड्यावर माझा आता विश्वास नव्हता, कण फेसात अडकले होते. कदाचित खरा ताप याहून जास्त असेल, गिअरबॉक्स फुटेल. कुलूप काढलं तर तो माझा निर्णय. न काढलं तर नऊ माणसं आणि यास्मिन, मागून आग. शास्त्रज्ञ म्हणून मला माहिती हवी होती आणि ती नव्हती. म्हणून मी अप्पांकडं बघितलं.

ते फोनला कान लावून कुईकुई ऐकत होते. "अजून आतल्या क्लचच्या पट्ट्या धरून हाईत," ते म्हणाले. "घसरल्या असत्या तर आवाज फाटला असता. दे सोडून."

मी अंगठा लावून कुलूप काढलं. माझाही ठसा तेलाच्या नोंदीत गेला. एकशेबावन्न. एकशेचोपन्न.

"आलो! कातळावर आलो!"

"न्यूट्रलला टाक. इंजिन चालूच ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "आता दोन मिनिटं काय करू नको."

"अप्पा, आग दिसतीया मला. धूर अंगावर येतोय."

"दोन मिनिटं. फेस बसू दे. फेसात बूच काढलंस तर तेल जाणार न्हाई, नुसती हवा जाईल."

मी आयुष्यात याहून लांब दोन मिनिटं घालवली नाहीत. अप्पा घड्याळाकडं बघत नव्हते. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते आणि मला कट्ट्यावरची सकाळ आठवत होती. हळूहळू कुईकुई बारीक झाली आणि थांबली.

"आता खाली घूस. आगीचे हातमोजे घाल. टाकीच्या तळाला दोन बुचं हाईत, मोठ्याला हात लावू नको. धाकटं काढ. खाली भांडं धर, वाळक्या गवतावर एक थेंब पडता कामा नये. इतक्या तापलेल्या तेलाला पेटायला एक ठिणगी पुरती."

"भांडं कुठलं आणू?"

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "ही घे माझी चरवी. दुधाची हाय. पर घे."

ते धाकटं बूच पातळीचं, त्याच्यावर टाकीच्या आत उभी नळी असते. इंजिन चालू असताना काढलं की जास्तीचं तेवढंच तेल वाहतं, बरोबर पातळी आली की आपोआप थांबतं. यास्मिन तळाशी पडल्या पडल्या सांगत राहिली. "धार येतीया. जाड हाय... फेस पण येतोय... बारीक झाली..."

"धार तुटली की लगेच बूच लाव. थेंब धरत बसू नको."

"तुटली! लावलं!"

"शाब्बास. आता बस आत, न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरवर जरासा पाय ठेव. पंपाला पळू दे."

पडद्यावर सहाही वेटोळी एकदम बोलायला लागली. लाखो कण, सगळे एका सुरात. एकशेपन्नास. एकशेबेचाळीस. एकशेतीस. तेलाला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते असं वाटलं. चौथ्या मिनिटाला अप्पांनी सांगितलं, "हाण गाडी." पलीकडच्या उतारावर ती एकशेबारा अंशांवर उतरली. खालच्या रस्त्यावर वनखात्याची माणसं उभी होती. त्यांच्या ओरडण्यात यास्मिनचं शेवटचं वाक्य बुडून गेलं, पण बहुधा ते हीटरबद्दल होतं.

मग चांदेकर बाईंनी विचारलं, "मगदूम मॅडम, या नोंदीचं काय करणार?"

मी उत्तर द्यायच्या आत अप्पा म्हणाले, "काय करणार म्हणजे? ठेवणार. माझं नाव खोडायला तिला कुणी सांगितलं होतं?" आणि माझ्याकडं वळून, "पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या चुका उघडून बघितल्या. माझी एक उघडी पडली तर मी काय विरघळतोय? तू माझी लाज राखायला गेलीस आणि त्या पोरीला आगीत घातलंस. आणि तिला आगीत ढकलणारा पहिला हात माझा."

"चुकलो, अप्पा," मी म्हणाले. चुकल्यावर माझ्याही तोंडात कोल्हापूरच येतं.

"दोघं चुकलो," ते म्हणाले.

मंडळाच्या अर्जात मी त्याच संध्याकाळी एक अट स्वतः लिहिली: या तेलाचं तोंड कुणालाही बंद करता येऊ नये, बनवणारीलासुद्धा. चांदेकर बाईंनी ती दोनदा वाचली, खाली सही केली आणि जाताना अप्पांना नमस्कार केला. दीड महिन्यानं मान्यता आली. आता राज्यातल्या आपत्कालीन गाड्यांत हे तेल असतं. त्याच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर चाचणीची नोंद छापलेली आहे: 'तेल भरणारे: आ. बा. मगदूम, अर्धा लिटर जास्त. इशारा दाबणारी: सु. आ. मगदूम.' आम्हा बापलेकीची नावं एका छापील ओळीत यायची ही पहिलीच वेळ.

ठकूबाईला अप्पा स्वतः नवी पितळी चरवी देऊन आले. जुनी मागून आणली. ती, तळाशी काळपट तांबडं अर्धा लिटर तेल तसंच ठेवून, आता गॅरेजच्या फळीवर आहे, अप्पांच्या सत्काराच्या ढालींच्या मधोमध. अप्पा आता मापून तेल घालतात, डोळ्याच्या पातळीवर माप धरून, श्वास रोखून. वरची धार फक्त दुधाला.

कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्याची नजर ढालींवर जाते. अप्पा मात्र चरवी खाली काढतात, त्याच्या हातात देतात.

"ही माझी चूक," ते छाती काढून सांगतात. "पन्नास वर्षांत कुणाला घावली न्हाई. माझ्या लेकीच्या तेलानं पकडली."